कोरं करकरीत

१२ फेब्रुवारी १९९७

पोहोचले एकदाची सुरतेला! लग्न, सत्यनारायण, मांडवपरतणी सगळं अमळनेरलाच आटोपलं, त्यामुळे खरं सासर आजपासून सुरू. गाडी नंदुरबारच्या पुढे इतकी रेंगाळली की उधन्याला उतरेपर्यंत माझ्या शालूचा चोळामोळा झाला होता. बाहेर ह्यांची व्हॅन उभी. गाडी काही नवी नाही, पण सीटांवर शोरूमचं पॉलिथिन अजून तसंच! बसलं की चर्र वाजायचं आणि मला हसू आवरायचं नाही. हेही हसले. मग रुमाल काढून माझ्या कपाळावरचा घाम टिपला, इतका अलगद की मी काचेची असावी.

घर पर्वत पाटियाच्या पुढे, रो-हाउसच्या सोसायटीत. मागच्या भिंतीला लागूनच लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं शेड आहे. खटाखट खटाखट, अखंड. आल्या आल्या डोकं भणभणलं, पण चहा होईपर्यंत कानांना सवयही झाली.

सासूबाईंचं नाव मालतीबाई. सुरतेत अर्धं आयुष्य गेलं तरी अहिराणी सुटलेली नाही. मी त्यांच्याशी अहिराणीत बोलले तर डोळे भरून आले त्यांचे. कामाला हात लावायला गेले की "बठ पोरी, तू बठ, मी करस" एवढंच.

हे बिजवर आहेत. पहिली बायको राखी, चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या धामधुमीत गेली. भाईदासमामांनी स्थळ आणतानाच सांगितलं होतं. सगळं शहर पळत सुटलं होतं तेव्हा, तिच्या माहेरचंही भीतीनं कुणी आलं नाही म्हणे. वाईट वाटतं. पण मामा म्हणाले, गजेंद्र निर्व्यसनी माणूस, सुरतेबाहेर सचिन गावी साड्यांच्या फिनिशिंगचं स्वतःचं युनिट, आवाज चढवून बोलणं ठाऊक नाही. एकच नाद, व्हिडिओ गेम जमवायचा.

अन् तो नाद ऐकूनच तर मी हो म्हटलं होतं! लोकेशकडे आणि माझ्याकडे मिळून एकच पिवळी कॅसेट होती. ती आम्ही भावाबहिणीनं इतकी खेळली की शेवटी शेवटी फुंकर मारल्याशिवाय चालायचीच नाही. आई ओरडायची, पोरगी कॉलेजात गेली तरी टीव्हीसमोर बोंबलते म्हणून. आता म्हणावं, मला नवराच गेमवाला मिळालाय.

१५ फेब्रुवारी

आज ह्यांनी वरच्या खोल्या दाखवल्या. मी दारातच थबकले.

जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर गेमच गेम. दोन्ही खोल्या भरलेल्या. मुंबईहून आणलेले, हाँगकाँगला जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मागवलेले, काही जपानी अक्षरांचे. नुसत्या कॅसेट नाहीत, गेमची मशीनंसुद्धा, खोक्यासकट. खिडक्या बंद, एसी सुरू, कोपऱ्याकोपऱ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, बुटांच्या डब्यात असतात तशा. सुरतेची दमट हवा पुठ्ठ्याला खाते, असं हे म्हणाले. सगळ्या खोक्यांवर कारखान्यातला पातळ कागद जसाच्या तसा. एकही उघडलेलं नाही.

मी विचारलं, तुमचा आवडता गेम कुठला? त्यांना प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, म्हणजे खेळताना सगळ्यात मजा कशात येते? तर म्हणाले, मी खेळत नाही. कधीच नाही. खेळलं की संपलं. आत्ता यांच्यात सगळं आहे, सगळे किल्ले, सगळ्या लढाया, अजून कुणाचा हात न लागलेल्या. एकदा सील फोडलं की मग ते नुसतं प्लास्टिक.

बोलण्यात तथ्यही वाटलं थोडं. बोलतात फार गोड. पण परत येताना मला आमची पिवळी कॅसेट आठवली, घामानं काळी पडलेली. तिच्यात कितवी वीट फोडली की वरून काय पडतं हे आजही मला पाठ आहे.

आणखी एक गंमत. प्रत्येक गेमचे दोन नग आहेत. मी चिडवलं, एक ठेवायला आणि एक खेळायला ना? म्हणाले, नाही. दोन्ही ठेवायला. पहिला खराब झाला तर असावा म्हणून.

२१ फेब्रुवारी

मजेत आहे. जरा जास्तच मजेत. इकडची काडी तिकडे करू देत नाहीत. भांड्याला हात लावला तर हे म्हणतात, राख लागून बोटं खडबडीत होतील. उन्हात उभी राहू नको. सचिनहून रोज एखादी नवी साडी येते. मी नेसायला काढली की म्हणतात, राहू दे, घडी मोडेल. कपाटात अशा घड्यांची चळत झाली आहे आणि मी आपली दोन साड्यांवर.

रात्री हे वरच झोपतात, एसीत. मी सासूबाईंजवळ. लग्नाला इतके दिवस झाले, पण अजून आम्ही… लिहायलाही लाज वाटते. माझी मैत्रीण सुमन म्हणायची काही पुरुष बुजरे असतात. असतील. पण संध्याकाळी हे आले की माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि नुसते बघतात. हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवतात, इकडून, तिकडून. मग समाधानानं मान हलवतात. काल असंच बघून झाल्यावर "छान" म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सासूबाई दुपारी एक ताट वाढून मागच्या बाजूला जातात. तिथे एक बंद खोली आहे, अडगळीची, तिच्या पलीकडच्या बोळात गाय येते म्हणाल्या. गाईला रोज वरण-भात आणि लिंबाची फोड!

३ मार्च

गच्चीवर कपडे वाळत घालायला मीच हट्टानं गेले. शेजारच्या गच्चीवर शोभाबाई भेटल्या, शिरपूरकडच्या. आपलं माणूस भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी मला बघितलं आणि हातातला पापड तसाच धरून राहिल्या. मग म्हणाल्या, मला वाटलं राखीच उभी आहे. नाक, कपाळ, हसणं, सगळं तेच गं बाई.

प्लेगमध्ये त्याही गावी पळाल्या होत्या. परत आल्या तर कळलं राखी गेली. दिवस कधी झाले, कुणी काही पाहिलं नाही. त्या वेळी कुणी कुणाला विचारायच्या मनःस्थितीत नव्हतं, असं म्हणाल्या.

खाली येऊन मी आरशात बराच वेळ बघत राहिले. भाईदासमामांनी माझा फोटो पाठवला तेव्हा पत्रिका न बघताच होकार आला होता. आम्हाला वाटलं, केवढं मोठं मन!

४ मार्च

गच्चीच्या दाराला कुलूप. हे म्हणाले, वर माकडं येतात.

२४ मार्च, धुळवड

सकाळपासून सोसायटीत दंगा. हे दुपारपर्यंत सचिनला गेले होते. शोभाबाईंनी गेटमधून हात घालून माझ्या दोन्ही गालांना गुलाल फासला, मीही त्यांना फासला. किती दिवसांनी खिदळले!

हे आले. मला बघितलं. ओरडले वगैरे काही नाही. व्हॅनची किल्ली खुंटीला लावली, मला हाताला धरून मोरीत नेलं, बसवलं आणि गाल धुवायला लागले. आधी पाण्यानं. मग साबणानं. मग घासणीनं. मी म्हटलं, अहो दुखतंय. ते आपल्याशीच बोलत होते, कोपऱ्यात राहिलाय, कडेला राहिलाय. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडात पदर कोंबला होता.

आता गाल पेटले आहेत. पण लिहायचं ते हे नाही.

धुळवडीमुळे आज लूम बंद आहेत. मी आल्यापासून पहिल्यांदाच घर असं शांत. गालाला तूप लावत मागच्या पडवीत बसले होते, तेव्हा अडगळीच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

बोळात नाही. खोलीत.

मी सासूबाईंना विचारलं. त्यांच्या हातातून चिमटा पडला. म्हणाल्या, बाजूच्यांचा म्हातारा असेल. शोभाबाईंच्या घरात म्हातारं माणूस नाही.

३० मार्च

माहेरी जाऊन येते म्हटलं. लोकेशची बारावीची परीक्षा संपली आहे, तो न्यायला येईल. गजेंद्र म्हणाले, गाडीत केवढी धूळ, केवढा धक्का. काय काय होतं माणसाचं. इथे आहेस ती बरी आहेस.

फोनच्या तबकडीला छोटं कुलूप लावलंय. गेटला मोठं. सकाळी जाताना ते बाहेरून लावतात, किल्ल्या खिशात.

मी घाबरलेले नाही. म्हणजे, असं आज पहिल्यांदा लिहिलं.

२ एप्रिल

आज मी खेळले!

दुपारची वेळ. गजेंद्र सचिनला. वरच्या खोलीचं दार आज कसं कोण जाणे नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले आणि त्या भिंतींसमोर उभी राहिले. वाटलं, एवढ्या सगळ्यांतून एकदासुद्धा एखादं संगीत वाजलेलं नाही. कुणी हरलेलं नाही, कुणी जिंकलेलं नाही. ते सगळे कोंडलेले खेळ माझ्याकडे बघताहेत असं वाटलं आणि मला त्यांची कणव आली. देवाशप्पथ, कणवच आली.

एक मशीन घेतलं, एक कॅसेट घेतली, रणगाड्यांची. नखानं सील फोडलं. किती छान आवाज येतो तो! हॉलमधल्या टीव्हीला जोडलं, चॅनल जुळवायला थोडी झटापट करावी लागली, आणि मग पडद्यावर अक्षरं उमटली, संगीत सुरू झालं. मला रडूच आलं.

मागे सासूबाई उभ्या. मला वाटलं आता संपलं. त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग पदर खोचून माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या. मी दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला.

काय मजा आली! त्यांचा रणगाडा भिंतीवर जाऊन आपटायचा आणि त्या स्वतःच वाकड्या व्हायच्या. "मार वो, मार त्याले!" असं ओरडत होत्या. एकदा माझाच रणगाडा उडवला आणि लहान पोरीसारख्या हसल्या. पुढचे दात नाहीत हे मला आजच कळलं. एवढी त्या तोंड मिटून राहायच्या.

हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "राखीले बी खेळानं व्हतं."

मी विचारलं, मग तिनं काय केलं? त्या उठल्या. आवर म्हणाल्या, लवकर आवर.

खोकं होतं तसं ठेवलं, कागद जमेल तसा गुंडाळून डिंक लावला. हजारोंत एक. कुणाला दिसणार आहे?

३ एप्रिल

दिसलं.

सकाळी वर गेले आणि लगेच खाली आले. हातात ते खोकं. माझ्या शेजारी बसले. आवाज नेहमीसारखाच मऊ. म्हणाले, कुणी उघडलं ते मला सांगायची गरज नाही, मला फक्त सांग, तू हात लावलास का. मी बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, मी उघडलं. पोरीनं नुसतं बघितलं.

ते हसले. मला म्हणाले, बरं झालं.

मग खोकं घेऊन मागे गेले, अडगळीच्या खोलीचं कुलूप काढलं, दार हातभर उघडून ते आत टाकलं आणि पुन्हा लावलं. जणू वास येतोय असं नाकाला रुमाल लावून. परत येताना मला समजावलं, उघडलेल्यांची जागा तिथे असते.

संध्याकाळी सासूबाई पोळ्या लाटत होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "तिले जेवाले दे."

मी विचारलं, कुणाला?

मागे गजेंद्र उभे होते.

५ एप्रिल

सासूबाई नाहीत. काल सकाळी मी अंघोळ करून आले तर स्वयंपाकघर रिकामं. गजेंद्र म्हणाला, माय कडोदऱ्याला गेली, मावशीकडे. महिनाभर राहील.

त्यांची चप्पल दारात आहे. एकच जोड आहे त्यांची.

लूम सुरू आहेत. मागच्या दाराला कान लावला. खटाखट सोडून काही ऐकू येत नाही. पण दाराला तळहात लावला, तेव्हा आतून कुणीतरी थापा मारत होतं. हाताला कळत होतं.

६ एप्रिल

तो सचिनला गेला आणि मी पोळी चौपदरी करून दाराखालच्या फटीतून आत सरकवली.

बोटं आली. बायकोची बोटं — बाईची. नखं वाढलेली, पांढरीफटक. पोळी ओढून घेतली.

मी जमिनीवर आडवी पडले, फटीला तोंड लावून विचारलं, कोण?

राखी.

ती जिवंत आहे. ती इथे आहे. मी जिच्या नावाची सवाष्ण जेवू घातली लग्नाआधी, ती इथे आहे.

तिनं सांगितलं ते तुटक तुटक, लूमच्या आवाजात जेवढं कळलं तेवढं. प्लेग आला तेव्हा गजेंद्रनं तिला ह्या खोलीत ठेवलं. दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली. बाहेरची हवा लागायला नको, चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाला. प्लेग गेला. लोक परत आले. पट्टी तशीच. भुकेनं ती ओरडायला लागली तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही, त्यांनी दार उघडून पेज दिली. तो आला, फाटलेली पट्टी बघितली. एवढंच म्हणाला, की आता ही उघडली गेली.

त्यानंतर त्यानं तिचं तोंडही पाहिलं नाही. लोकांना सांगितलं, गेली.

मी म्हटलं, सासूबाई कुणाला सांगत का नव्हत्या? राखी म्हणाली, एकुलता एक मुलगा ना. फासावर जाईल म्हणायच्या. रडायच्या आणि भात कालवून दाराखालच्या फटीतून द्यायच्या.

त्या कडोदऱ्याला गेल्यात का, विचारलं.

नाही म्हणाली. इथे आहेत. परवापासून. बोलत नाहीत आता.

७ एप्रिल

गेटपाशी ओरडले. शोभाबाईंच्या दाराला कुलूप, गुढीपाडव्याला गावी गेल्या असणार. रस्त्यावरून सायकलवर कुणी गेलं, त्याला वाटलं मी कुणाला तरी हाक मारतेय. हात हलवून गेला.

लूम. लूम. लूम.

राखीला पाणी दिलं, पातळ पिशवीत भरून, फटीतून. तिनं काहीतरी चपटं मागितलं, लोखंडाचं. बिजागऱ्या आतल्या बाजूनं आहेत. सासूबाईंकडे तिनं कितीदा मागितलं होतं, त्यांनी कधी दिलं नाही.

मी उलथनं दिलं.

स्क्रू गंजलेत म्हणते. वेळ लागेल.

८ एप्रिल, पाडवा

त्यानं श्रीखंड आणलं. गुढीही उभारली, कोऱ्या साडीची. मग मला वर नेलं.

गेमच्या एका खोलीतली मधली फळी रिकामी करून खाली गादी घातलीय. पाण्याचे कॅन. खिडकीला आतून फळ्या ठोकल्यात. तो म्हणाला, खाली तुझं नुकसान होतंय. माय तुला हात लावायला लावत होती. तू अजून कोरी आहेस, तुला वाचवता येईल.

मी पळाले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यानं दंड धरला. दुखणार नाही अशा बेतानं धरला — तेच सगळ्यात वाईट. वळ उठू नये म्हणून जपत होता.

बाहेरून कडी. मग कर्रर्र, कर्रर्र. चिकटपट्टी. वरून, बाजूनं, खालून.

शेवटी फटीतला उजेडही गेला.

ही वही आणि पेन ब्लाउजमध्ये होतं; एसीच्या इवल्याशा दिव्याच्या उजेडात लिहितेय.

९ एप्रिल

एसी बंद होत नाही. दात वाजताहेत.

हजारो खोकी. आणि मी. एका ओळीत.

राखीला कोण जेवायला देणार?

तो मघाशी दाराबाहेर येऊन बसला होता. श्वास ऐकू येत होता. मी बोलले, शिव्या दिल्या, पाया पडते म्हटलं. मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, रडू नकोस, डोळ्यांखाली सुजतं.

१० एप्रिल

मला कळलं काय करायचं.

एक खोकं घेतलं. दाराला टेकून बसले. नख लावलं. चर्र.

बाहेर तो होता. श्वास थांबला.

दुसरं. चर्र. तिसरं. कागद फाडते, खोकं उघडते, कॅसेट बाहेर काढते, तिला बोटांनी चाचपते, जीभ लावते, फेकते. तो "नको" म्हणाला. मी मोठ्यानं सांगितलं, हे जपानी आहे बघ, आता हे. चर्र. तो रडतोय. लहान मुलासारखा हुंदके देऊन रडतोय. नको योगिता, ते सुरतेत दुसऱ्या कुणाकडे नाही. चर्र.

उघड म्हटलं. दार उघड, मी थांबते.

मशीनं आहेत. जड आहेत. एक हातात घेऊन दाराआड उभी राहीन. तो आत आला की —

दुपार असावी

अर्धी भिंत झाली. नखं तुटली. बोटांना रक्त, खोक्यांना रक्त. हसू येतंय मला. सगळे उघडले. सगळे सुटले.

बाहेर तो उठल्याचा आवाज आला.

चिकटपट्टीचा आवाज. काढतोय! तो काढतोय, दार उघडतोय. मशीन उचललं.  लिहिलं नाही तर किंचाळेन, म्हणून लिहिते, डाव्या हातानं —

नाही.

तो आवाज काढण्याचा नाही. रीळ ओढल्याचा आहे. तो आणखी लावतोय. एकावर एक. आता मीही उघडलेली. सगळी खोलीच —

हवा — एसी बंद पडला. की त्यानं

लावतोय. खाली वाकून. म्हणतोय, उघडलेल्यांची जागा. उघडलेल्यांची

थांबला.

"कोण?" म्हणाला. मला नाही.

पुन्हा म्हणाला. "माय?"

रीळ पडलं. जिन्यावरून खाली गेलं, पायरी, पायरी, पायरी.

काहीच नाही आता, त्याचा श्वासही नाही. लूमसुद्धा नाहीत. लूम कधी थांबले?

दाराशी कुणीतरी आहे. पट्टी निघतेय. ह्या वेळी खरंच निघतेय. हळू. नखानं. एक. मग दुसरी.

मी विचारलं, कोण आहे. राखी?

 नखं थांबली. पुन्हा सुरू.

उजेडाची एक रेघ आत आली. रेघेत पाय दिसतोय, उघडा, राखीच्या बोटांसारखा पांढराफटक, आणि त्याच्यामागे आणखी एक, भेगाळलेला, सासूबाईंचा, पण त्या तर

कडी —